पाळीव पक्ष्याची पिसं जातायत, कातडी उघडी पडलीय: कुठून तपासायला सुरुवात करायची

हे मुख्यतः कॉकाटेलसाठी, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या लहान पोपटवर्गीय पक्ष्यासाठी लिहिलंय. बजरीगर (बजी), म्हणजे आपल्याकडे दुकानात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात तो, आणि खरा आफ्रिकन लव्हबर्ड यांनाही यातलं बहुतेक लागू होतं. जिथे फरक आहे तिथे तो सांगितलाय.

लक्षणं

- ट्रेमध्ये रोज पिसं सापडतात, पण पक्षी अंगाने भरलेलाच दिसतो.
- छाती, पोट, मांड्या किंवा पंखाखाली टक्कल पडलंय. राखाडी लव तेवढी उरलीय, नाहीतर तीही गेलीय.
- डोकं नाहीतर मान उघडी, बाकी अंग ठीकठाक.
- पंखांची आणि शेपटीची लांब पिसं कुरतडलेली, कडा फाटलेल्या.
- नवीन पिसं वाकडी, मध्येच आवळलेली, किंवा कोंबातून बाहेरच पडत नाहीत.
- चोचीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती, पायांवर पांढरट खपल्या.
- कातडी लाल, ओली किंवा खपली धरलेली, आणि पक्षी पुन्हा पुन्हा तिथेच चोच मारतोय.
- दांडीवर, भिंतीवर रक्ताचे शिंतोडे.

शेवटची दोन लक्षणं असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी खालचा जखमेचा भाग वाचा. पिसं उपटणारा पक्षी महिनोन्‌महिने तसाच जगू शकतो, त्याच्या कारणाचा शोध शांतपणे घेता येतो. कातडी फोडणाऱ्या पक्ष्याकडे तेवढा वेळ नसतो.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच. पिसं गेली की दुकानदार माइट्सचा, म्हणजे पक्ष्यांवरच्या बारीक परजीवी किड्यांचा, स्प्रे हातात देतो. घरात एकट्या राहणाऱ्या कॉकाटेलच्या बाबतीत माइट्स हे कारण क्वचितच निघतं. म्हणून औषध या यादीत खाली आहे आणि बघणं वर आहे.

१. पडलेलं पीस उचलून बघा

याला काही खर्च नाही, आणि निम्म्या शंका इथेच मिटतात. ट्रेमधली दोन दिवसांची पिसं एका पांढऱ्या कागदावर मांडा.

पीस पूर्ण असेल, दांड्याचं टोक स्वच्छ, गोलसर आणि कोरडं असेल, तर ते आपणहून गळलंय. ही मोल्टिंगची पीसझड. कॉकाटेल साधारण सहा महिन्यांचा झाला की पहिल्यांदा पिसं टाकतो, पुढे वर्षातून एकदा-दोनदा. काही आठवडे हे चालतं. या काळात पंखांची पिसं दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने जातात, म्हणजे पक्ष्याला उडता येत राहतं. डोक्यावर बारीक काटेरी कोंब दिसतात, पक्षी जास्त झोपतो, थोडा चिडचिडा होतो. पण कातडी उघडी पडत नाही. टक्कल दिसलं की मोल्टिंग म्हणून सोडून देऊ नका.

दांडा मधूनच तुटलेला, चावलेला असेल तर कोणीतरी चोच चालवतंय. टोकाशी ओलं किंवा सुकलेलं रक्त असेल तर पीस उपटलं गेलंय किंवा कोवळं असताना तुटलंय. तिन्ही प्रकार एकत्र मिळाले तर पुढच्या तपासण्या सगळ्या करा.

नव्या मालकांची एक घाबरगुंडी इथेच दूर करतो. पक्ष्याच्या अंगावर पिसं सगळीकडे उगवत नाहीत, पट्ट्यापट्ट्यांत उगवतात. मानेच्या बाजूला, पंखाच्या खाली, छातीच्या मध्यरेषेवर फुंकर मारून पिसं बाजूला केली तर खाली उघडी कातडी दिसतेच. ती निरोगी आहे. तसंच पिवळ्या-पांढऱ्या ल्युटिनो कॉकाटेलला तुऱ्याच्या मागे टक्कल असतं. ते जन्मजात आहे, कुठल्याही तेलाने भरत नाही.

२. टक्कल चोचीच्या टप्प्यात आहे का?

पक्ष्याला स्वतःचं डोकं आणि मानेचा वरचा भाग चोचीने गाठता येत नाही. तिथलं पीस तो स्वतः उपटू शकत नाही, फार तर पायाने किंवा गजावर घासू शकतो. त्यामुळे:

डोकं-मान उघडी आणि अंग भरलेलं: पिंजऱ्यातला जोडीदार उपटतोय, पक्षी गजावर घासतोय, खपली धरणारे माइट्स आहेत, किंवा आजारामुळे पीस नीट उगवतच नाहीये.

डोकं एकदम सुबक आणि मानेखाली ओसाड: पक्षी स्वतः उपटतोय. कारण अजून कळलेलं नाही, पण करणारा कळला.

डोक्यासकट सगळीकडे पिसं विरळ, नवीन येणारी वाकडी: आजाराचा संशय. घरगुती तपासण्यांत वेळ न घालवता थेट डॉक्टर.

जोडी असेल तर दोघांना आठ-दहा दिवस शेजारी-शेजारी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवा, एकमेकांना दिसतील असे. या काळात डोक्यावर कोंब यायला लागले तर गुन्हेगार सापडला. बऱ्याचदा तो प्रेमाने खाजवणारा जोडीदारच असतो. पिल्लं घरट्यात असताना आई-बापच त्यांच्या मानेची-पाठीची पिसं उपटतात, हेही कॉकाटेलमध्ये नेहमीचं आहे.

३. जखम असेल तर

आधी पंखा बंद, खिडक्या बंद, उजेड मंद. मग मऊ सुती पंचात पक्षी धरा. मान दोन बोटांमध्ये सैलसर ठेवा आणि छाती अजिबात दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती पुढे-मागे हलली तरच हवा आत जाते. घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो. दोन-तीन मिनिटांत काम उरका. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला तर लगेच सोडा, दहा मिनिटं अंधारात शांत बसू द्या आणि मग पुन्हा बघा.

रक्त किती गेलंय ते मोजा. पक्ष्याच्या अंगात वजनाच्या साधारण दहा टक्के रक्त असतं. ९० ग्रॅमच्या कॉकाटेलमध्ये सुमारे ९ मिली, ३५ ग्रॅमच्या बजीमध्ये साडेतीन. त्यातला दहावा भाग निरोगी पक्षी सोसतो. म्हणजे कॉकाटेलला अंदाजे अठरा थेंब, बजीला जेमतेम सात. त्याच्या पुढे गेलं तर रक्त थांबलं तरी डॉक्टर गाठायचा.

रक्त थांबवायला स्वच्छ सुती कापड किंवा गॉज ठेवून तीन ते पाच मिनिटं हलका दाब द्या. मध्ये उचलून बघू नका, धरलेली गाठ सुटते. तुटलेल्या नखाला किंवा पिसाच्या तुटक्या दांड्याला कॉर्नफ्लोअर दाबून लावता येतं. उघड्या कातडीवर मात्र कॉर्नफ्लोअर, तुरटी, रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर यांतलं काहीही नको.

कोवळ्या पिसाच्या दांड्यात रक्त खेळत असतं. ते बाहेरून निळसर-काळं दिसतं. असं पीस तुटलं की नळ सोडल्यासारखी धार लागते. जुना सल्ला असा की पकडीने ते मुळासकट ओढून काढा. चुकीच्या दिशेने ओढलं तर पिसाचं बीजकोष, म्हणजे पीस जिथून उगवतं ती कातडीतली जागा, फाटतं, पंखाचं नाजूक हाड दुखावतं आणि तिथे पुढे पीस येत नाही. दाब आणि कॉर्नफ्लोअरने दहा मिनिटांत थांबलं तर पीस तसंच राहू द्या. नाही थांबलं तर दाब धरूनच दवाखान्यात न्या, काढायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

रक्त थांबल्यावर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नॉर्मल सलाईनने, सुई काढलेल्या सिरिंजने जखम धुवा. सलाईन खोलीच्या तापमानाचं हवं, फ्रीजमधलं नको. त्यानंतर ५ टक्क्यांच्या पोविडोन आयोडीनचा १ मिली ९ मिली सलाईनमध्ये मिसळून कापसाने एकदाच हलकं टिपा. घासू नका, बाटलीतलं तसंच ओतू नका.

काय लावायचं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण बिघाड बहुतेक वेळा इथेच होतो.

खोबरेल तेल, तूप, पेट्रोलियम जेली, कुठलंही चिकट मलम: पिसं चिकटतात, अंगाची ऊब जाते, आणि पक्षी ते सगळं चोचीने पुसून गिळतो. आधी फक्त एक जखम होती, आता थंडी आणि पोटातलं मलमही आलं.

हळद: विषारी नाही, पण वाळून कडक पापुद्रा होतो आणि पक्षी तो सोलताना खालची नवी कातडीही सोलतो. शिवाय हळदीच्या रंगात जखमेची लाली, पू काही दिसत नाही.

खाज थांबवणारी स्टेरॉइडची क्रीम: पक्ष्यांची प्रतिकारशक्ती यांनी झपाट्याने खाली येते. बुरशी आणि जंतूंना रान मोकळं होतं.

हायड्रोजन पेरॉक्साइड: जखम भरणाऱ्या पेशीच मारतं.

माणसांची वेदनाशामकं, गोळी असो की जेल. डायक्लोफेनॅकने आपली गिधाडं कशी संपली ते महाराष्ट्राने पाहिलंय. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली ती त्याचमुळे. प्रत्येक जातीच्या मूत्रपिंडाची सहनशक्ती वेगळी असते, आणि तुमच्या पक्ष्याची ती घरी मोजता येत नाही.

धुऊन झालं की पक्ष्याला लहान पिंजऱ्यात किंवा हवेशीर खोक्यात ठेवा. खाली साधा पांढरा कागद घाला, म्हणजे रक्त आणि विष्ठा दोन्ही दिसतात. दांडी अगदी खाली, पाणी आणि दाणे जमिनीवर. एका बाजूला बाहेरून ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून तिथलं तापमान २८ ते ३० अंश ठेवा, दुसरी बाजू थंड राहू द्या. पक्षी पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत असेल तर बल्ब लांब करा. मे महिन्यात विदर्भात बल्बची गरजच नाही, पावसाळ्यात कोकणात रात्री हमखास लागते.

मांजराचा दात किंवा नख लागलं असेल तर जखम सुईच्या टोकाएवढी असली तरी त्याच दिवशी डॉक्टर. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात फार वेगाने पसरतात आणि वरून सगळं ठीक दिसत असताना पक्षी एक-दोन दिवसांत जातो. उंदराच्या चाव्यालाही हेच लागू. पंख्याचा मार लागला असेल आणि कातडीखाली फुगा आल्यासारखं वाटत असेल तर आतली हवेची पिशवी फुटलीय. तो फुगा घरी टोचू नका.

४. जखम कुठे आहे त्यावरून कारण

छातीच्या हाडावर मधोमध फुटलेली कातडी, भरते आणि पुन्हा उघडते: पंख जास्त कापलेले आहेत. दुकानात बऱ्याचदा एकाच बाजूचा पंख मुळापर्यंत छाटतात. पक्षी उडायला जातो आणि दगडासारखा छातीवर आपटतो. जखमेला कितीही औषध लावा, तो पडायचा थांबेपर्यंत ती भरणार नाही. उपाय म्हणजे दांड्या खाली आणणं, पिंजऱ्याच्या तळाशी आणि आजूबाजूला घडी घातलेल्या गोधड्या टाकणं, आणि पुढे पंख न कापणं. कापलेली पिसं पुढच्या मोल्टिंगपर्यंत वाढत नाहीत, त्यामुळे ही व्यवस्था काही महिने ठेवावी लागते.

सकाळी पंखांच्या टोकांवर रक्त, शेपटी तुटलेली, पक्षी भेदरलेला: हा रात्रीचा दचका. कॉकाटेल याला कुप्रसिद्ध आहे. अंधारात पाल, उंदीर, गाडीचा दिवा किंवा वीज जाता-येतानाचा आवाज झाला की तो आंधळेपणाने पिंजऱ्यात धडका घेतो. दिवाळीचे चार दिवस आणि गणपतीच्या मिरवणुकीचे दिवस हे हमखास प्रसंग. झिरोचा मंद दिवा रात्रभर ठेवा, पिंजरा रस्त्याच्या खिडकीपासून आतल्या भिंतीला हलवा, आणि पिंजरा पूर्ण झाकत असाल तर एक बाजू उघडी ठेवा.

पंखाच्या आतल्या घडीत किंवा काखेत ओली, चिघळणारी जखम: लव्हबर्ड आणि कॉकाटेलमध्ये दिसते, तीव्र खाज असते. घरी बरी होत नाही.

मांडीच्या आत आणि पंखाखाली किंचाळत उपटणं: कॉकाटेलमध्ये जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचा संशय घ्यावा. ताज्या विष्ठेची तपासणी लागते, आणि एकदा निगेटिव्ह आलं म्हणून तो नाहीच असं नसतं.

५. घरातली हवा, झोप, अंघोळ

पिंजरा स्वयंपाकघरात असेल तर आजच हलवा. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो, हे पिसांपलीकडचं आहे. पिसांच्या बाबतीत फोडणीचा ठसका, अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, फिनेल, डांबरगोळ्या, सिगारेट हे सगळं कातडीवर आणि श्वासनलिकेवर बसतं. सिगारेट ओढून तसाच पक्ष्याला हातावर घेतला तर निकोटीन त्याच्या पायांना लागतं आणि तिथे तो चावतो. देवघर आणि पिंजरा एकाच खोलीत नको.

झोप दहा ते बारा तास, सलग. बारा वाजेपर्यंत टीव्ही चालणाऱ्या हॉलमधला पक्षी सहा तास झोपतो आणि दिवसभर स्वतःला सोलतो. ही दुरुस्ती फुकट आहे आणि तरी सगळ्यात शेवटी केली जाते.

अंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी, साध्या कोमट पाण्याचा बारीक फवारा वरून पावसासारखा पडू द्या. थेट तोंडावर मारू नका. साबण, शाम्पू, कडुलिंबाचा अर्क, व्हिनेगर काही घालू नका. एसीच्या खोलीत किंवा मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात कातडी कोरडी पडते, तिथे रोज फवारा दिला तरी चालतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत कोरडेपणा हे कारण सहसा नसतं, तिथे पक्षी दुपारच्या आत वाळतोय ना एवढं बघा.

६. पिंजरा आणि दांड्या

एका कॉकाटेलला कमीत कमी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच जागा हवी, आणि ही खरोखर कमीत कमी आहे. शेपटी गजांना घासत असेल तर शेपटीची पिसं फाटणारच, त्याला आजार म्हणू नका.

गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरू, कडुलिंब किंवा जांभळाच्या फांद्या घाला. कॉकाटेलला दीड ते दोन सेंटिमीटर जाड, बजीला एक ते सव्वा. फांदीवर फवारणी झालेली नसावी. धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. कण्हेर, रुई, चाफा यांच्या फांद्या चुकूनही नकोत.

स्वस्त जस्ताच्या जाळीचा पिंजरा असेल आणि पक्षी गज चघळत असेल तर जस्त पोटात जातं. पांढरी भुकटी सुटलेली किंवा गंजलेली जाळी बदला. पिसं उपटण्याबरोबर विष्ठा पाण्यासारखी झाली, पक्षी सुस्त झाला, तर रक्ततपासणी किंवा एक्स-रे लागतो.

७. खाणं

आपल्याकडच्या बहुतेक पक्ष्यांचं जेवण म्हणजे राळे, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया. यात चरबी भरपूर, जीवनसत्त्व अ जवळजवळ नाही, कॅल्शियम नाममात्र. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी जाड, कोंडा सुटणारी होते, नाकपुड्या बुजतात, पिसं निस्तेज आणि ठिसूळ येतात, जखमा भरत नाहीत. म्हणजे वर सांगितलेलं सगळं केलंत आणि ताटलीत फक्त राळेच राहिले तर पिसं येतील, पण पुन्हा तशीच येतील.

कॉकाटेलला रोज दीड ते दोन टेबलस्पून दाणे पुरतात. सूर्यफूल त्यात पाच-सहा बियांपेक्षा जास्त नको. सकाळी भुकेच्या वेळी आधी भाजी द्या: किसलेलं गाजर, वाफवलेला लाल भोपळा किंवा रताळं, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी. मोड आलेले मूग चांगले, पण तीन-चार तासांत उचलून टाका, पावसाळ्यात दोन तासांतच. मोल्टिंगच्या काळात आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा चमचाभर चुरा द्या, कारण पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच बनतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्याला टांगून ठेवा.

पक्षी भाजीला तोंड लावत नाही म्हणून दाणे एकदम बंद करू नका. लहान पक्षी दिवसभर उपाशी राहिला तरी कोलमडतो. ओल्या कोथिंबिरीवर दाणे चिकटवून, रोज थोडं प्रमाण बदलत, चार ते आठ आठवडे घ्या.

व्हिटॅमिनचे थेंब पाण्यात घालण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: घालू नका. पाणी काही तासांत आंबतं, चव बदलल्यामुळे पक्षी पाणी कमी पितो, आणि किती पोटात गेलं ते कळत नाही. अ जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातक असतो. आणि कच्चं-शिजलेलं कसंही असो, अव्होकाडो, चॉकलेट, चहा, कांदा, खारे शेंगदाणे, फरसाण द्यायचं नाही.

८. माइट्स: आहेत हे सिद्ध झालं तरच

लाल माइट दिवसा पक्ष्यावर नसतो, फटीत लपतो आणि रात्री रक्त पितो. म्हणून दिवसा अंगावर शोधून उपयोग नाही. रात्री पिंजऱ्यावर पांढरी सुती चादर टाका, दोन-तीन तासांनी टॉर्चने चादरीच्या घड्या आणि दांडीची टोकं बघा. खसखशीच्या दाण्याएवढे, हलणारे लालसर ठिपके दिसले आणि कागदावर चिरडल्यावर लाल रेघ उमटली, तर माइट्स आहेत. लाकडी घरटं टाकून द्या, पिंजरा उकळत्या पाण्याने धुवा, फटी ब्रशने घासा, उन्हात ठेवा, आणि आठवड्याने पुन्हा चादर लावून बघा.

बजीच्या नाकावर, चोचीच्या मुळाशी बारीक छिद्रं असलेली पांढरी, खरबरीत खपली आली तर तो वेगळा माइट, कातडीत बिळं करणारा. तो डॉक्टरांच्या औषधाने नक्की बरा होतो. खपली नखाने खरवडू नका, चोच कायमची वाकडी वाढते.

आता आयव्हरमेक्टिन. गुरांचं इंजेक्शन आणून ‘एक थेंब मानेवर टाका’ असं बिनधास्त सांगितलं जातं. हिशोब करा. पक्ष्यासाठी नेहमीचं प्रमाण किलोला ०.२ मिलिग्रॅम. ३५ ग्रॅमच्या बजीला ०.००७ मिलिग्रॅम. गुरांच्या १ टक्का औषधाच्या एका मिलीमध्ये १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ०.०५ मिलीच्या एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम. हा डोस बजीच्या गरजेच्या सत्तर पटींहून जास्त झाला, आणि ९० ग्रॅमच्या कॉकाटेलच्या जवळपास अठ्ठावीस पट. ‘औषध दिलं आणि सकाळी गेला’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हा हिशोब असतो. वजन करून, पातळ करून, डॉक्टरांनीच द्यायचं हे औषध आहे. पिंजऱ्याला लटकवायच्या ‘माइट गार्ड’ गोळ्याही लावू नका. त्यात डांबरगोळीसारखीच रसायनं असतात.

९. कंटाळा आणि अंड्याचा हंगाम

वरचं सगळं बघून झाल्यावरच इथे या. ‘एकटा आहे म्हणून उपटतो’ हे निदान नेहमी पहिल्यांदा केलं जातं आणि त्यामुळे आजार मागे राहतो.

पक्षी एकाच ठराविक वेळी उपटतो का, ते आठवडाभर लिहून ठेवा. घर रिकामं असतानाच उपटत असेल तर दाणे वाटीत न देता कागदाच्या पुड्यांत, मक्याच्या सालीत, नारळाच्या काथ्यात लपवून द्या. काथ्याचे लांब धागे पायात गुंततात, ते बोटभर कापून घाला. उपटताना ओरडू नका, धावत जवळ जाऊ नका. उपटलं की माणूस येतो हे पक्षी दोन दिवसांत शिकतो.

मादी कोपऱ्यात कागद फाडत असेल, नर आरशाला गाणी म्हणत असेल, तर हा हंगामी अस्वस्थपणा आहे. आरसा, खोकी, अंधारे कोपरे काढा, पाठीवर आणि शेपटीजवळ हात फिरवणं बंद करा, डोकं तेवढं खाजवा. उजेड दोन-तीन आठवडे रोज नऊ-दहा तासांवर आणा.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

त्याच दिवशी: पक्षी पिसं सोडून कातडी चावतोय. रक्त थांबत नाही. मांजर किंवा उंदीर लागलाय. जखमेला वास, पू, हिरवट किंवा काळी कडा. पक्षी फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय, शेपटी श्वासाबरोबर वर-खाली होतेय. वजन दहा टक्के उतरलंय, म्हणजे ९० ग्रॅमचा ८१ वर आलाय. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा घ्या आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहा. पिसं फुलवून पक्षी वजन लपवतो, काट्यावर ते लपत नाही.

त्याच आठवड्यात: डोक्यासकट पीसगळ, वाकडी-आवळलेली पिसं, चोचीचा आकार बदलणं, कातडीवर गाठ किंवा पिवळट जाड चट्टा. विशेषतः तीन वर्षांखालच्या पक्ष्यात असं पीस आलं तर चोच-पिसांच्या विषाणूजन्य आजाराची तपासणी रक्त किंवा पिसावरून करावी लागते. त्याच्यावर औषध नाही आणि पिसांच्या धुळीतून तो इतर पक्ष्यांना लागतो. म्हणून निकाल येईपर्यंत पक्षी वेगळ्या खोलीत, आणि नवीन आणलेला कुठलाही पक्षी पहिले ३० ते ४५ दिवस वेगळाच.

गुरांचे डॉक्टर चांगले असले तरी सगळे पक्षी बघत नाहीत. फोनवरच विचारा: पोपटवर्गीय पक्षी तपासता का, ग्रॅममध्ये वजन करता का? मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई रुग्णालय आहे, नागपुरातही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावाकडून निघताना तिथे पक्ष्यांची ओपीडी कधी असते ते आधी विचारून घ्या.

सोबत न्या: पडलेली पिसं कागदी पाकिटात, त्या दिवशीची ताजी विष्ठा, वजनाची नोंद, दाण्यांचं पाकीट, पिंजऱ्याचा आणि तो ठेवलेल्या खोलीचा फोटो. पिंजरा धुऊन नेऊ नका. घरात कोणाला ताप, कोरडा खोकला असेल तर ते पक्ष्याच्या डॉक्टरांना सांगा, आणि तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांना घरात पक्षी असल्याचं सांगा. पोपटताप पक्ष्याकडून माणसाला होतो, आणि कॉकाटेल तो लक्षणं न दाखवता बाळगू शकतो. याच कारणासाठी ट्रे कोरडा झाडू नका, पाणी शिंपडून, मास्क लावून साफ करा.

पक्षी आपला देशी हिरवा पोपट असेल तर तो घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. कायद्याच्या भीतीने उपचार लांबवू नका. पक्षी वनविभागाकडे किंवा मान्यताप्राप्त बचाव केंद्राकडे द्या, तिथे उपचारही होतात.

कॉलर, आणि पिसं परत येण्याबद्दल

गळ्यातली कॉलर घरी पुठ्ठ्याची बनवू नका. पहिल्या काही तासांत पक्षी उलटा पडतो, खात नाही, घाबरून हृदय बंद पडू शकतं. डॉक्टरांनी बसवली तर पहिला दिवस समोर बसून खाताना बघा, दर सहा-आठ तासांनी विष्ठा मोजा. कॉलर जखम भरेपर्यंत चोच अडवते, कारण तसंच राहतं. कारण न शोधता कॉलर काढली की त्याच संध्याकाळी जखम उघडते.

मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत कोंब धरतं. चावून तुटलेलं पीस पुढच्या मोल्टिंगला बदलतं, तोपर्यंत तसंच दिसणार. वर्षानुवर्षं उपटलेल्या जागी बीजकोष मेलेलं असतं, तिथे टक्कल राहतं आणि तरी पक्षी सुखात जगू शकतो. नवे कोंब खाजतात, त्यामुळे बरं होत असतानाच पक्षी पुन्हा उपटायला लागल्यासारखा वाटतो. त्या दिवसांत फवारा रोज द्या, डोक्यावरच्या कोंबांची पांढरी आवरणं वाळल्यावरच बोटाने हलकी चुरा, निळसर असताना नाही. आणि दर रविवारी एकाच उजेडात, एकाच कोनातून छातीचा आणि दोन्ही पंखांचा फोटो काढा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही, चार फोटो शेजारी ठेवले की कळतो.